कोयंडा, गंठण आणि माडीवरची पोरं

"ताई, आम्ही मूळचे सांगलीच्या गावभागातले. 2019 ला पुराचं पाणी घरात शिरलं, 2021 ला परत तेच. तेव्हा ठरवलं, आता नदीकाठ नको. विश्रामबाग आणि कुपवाडच्या मधल्या एका गुंठेवारी कॉलनीत प्लॉट घेतला, कर्ज काढून घर बांधलं. माडी भाड्यानं दिली आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारी बिहारची पाच पोरं राहतात. भाडं वेळेवर देतात, त्यातून निम्मा हप्ता सुटतो.

गेल्या तीन महिन्यांत कॉलनीत दोन घरफोड्या झाल्या, दोन्ही घरं बंद होती. आणि समोरच्या काकू पहाटे फिरायला गेल्या असताना मोटारसायकलवर आलेल्या दोघांनी त्यांचं तीन तोळ्यांचं गंठण ओढून नेलं. दीड महिना झाला, काकूंनी तक्रार दिली नाही. 'कशाला ते झंगट' म्हणतात. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपला भाग आता राहण्यासारखा राहिला नाही' असं चालू आहे. आता कॉलनीचा अर्ज तयार झालाय: बाहेरचे भाडेकरू काढा आणि कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवरची पारध्यांची पालं उठवा. माझ्याकडं सही मागायला दोनदा येऊन गेले. आमचे हे म्हणतात, घर विकू आणि पुण्याला दिरांच्या जवळ जाऊ. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, फिरणं सोडलं. आठवीतल्या लेकीची संध्याकाळची शिकवणी मी बंद केली. सही करू का? घर विकू का?"

सही करू नका. आणि घर विकू नका, निदान या तीन घटनांपायी तरी नको. उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण सहीवाले तिसऱ्यांदा येतील तेव्हा तुमचं हे वाचून संपलेलं असेलच असं नाही.

मी सांगलीच्या कोर्टात बावीस वर्षं फौजदारी वकिली केली, गावातल्या जुन्या कोर्टापासून विजयनगरच्या नव्या इमारतीपर्यंत. चोरांचे जामीन मागितले आणि ज्यांचं चोरीला गेलं त्यांचा मुद्देमालही सोडवून आणला. त्या कामानं एक खोड लागली. कुणी म्हणालं, "आमच्या भागात लई चोऱ्या वाढल्यात," की मी विचारते: कसली चोरी, किती वाजता, आले कुठनं, गेले कुठनं? बहुतेकांना पहिल्या प्रश्नापुढं जाता येत नाही. तुमच्या पत्रात मात्र निम्मी उत्तरं आहेत, तुमच्या लक्षात आली नसली तरी. दोन्ही घरं बंद होती. गंठण पहाटेचं गेलं, चालताना, मोटारसायकलवरून.

घरफोडी आणि गंठण ओढणं हे दोन वेगळे धंदे आहेत. घरफोड्या करणारा बंद घर हेरून ठेवतो आणि रात्री दोन ते चारच्या सुमाराला कटावणी घेऊन येतो. त्याला अंधार आणि वेळ लागतो. गंठण ओढणाऱ्यांना मिनिटसुद्धा नको असतं. दोघं जण, एक गाडी, नंबरप्लेट काढलेली नाहीतर चिखल फासलेली, आणि पळायला मोठा रस्ता. पुष्कळदा ते दुसऱ्या गावाहून येतात, एका सकाळी दोन-तीन ठिकाणी हात मारतात आणि उजाडेपर्यंत जिल्हा ओलांडतात. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला तुमच्या माडीवर खोली घेऊन, आधार कार्डाची झेरॉक्स देऊन, फौंड्रीत बारा-बारा तास भट्टीपुढं उभं राहून, महिन्याच्या महिन्याला भाडं भरायची काय हौस? पोरं निर्दोष आहेत असं प्रमाणपत्र मी देत नाही, मी त्यांना पाहिलेलंही नाही. पण अर्जात त्यांच्याविरुद्ध काय आहे? ती बाहेरची आहेत, एवढंच ना?

तुमच्या ग्रुपवरचं वाक्य, "आपला भाग आता राहण्यासारखा राहिला नाही," हेही जरा तपासून घेऊ. गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात. तुमच्या कॉलनीत अडीचशे घरं, म्हणजे हजारभर माणसं धरू. त्यात वर्षाला एक गुन्हा घडला की दर झाला लाखामागे शंभर. तीन महिन्यांत तीन घडले, त्याच चालीनं वर्षाचे बारा धरले तर दर बाराशे! आणि पुढच्या तीन महिन्यांत काहीच घडलं नाही तर तुमची कॉलनी थेट शून्यावर. एवढ्याशा वस्तीला दर लावायचा म्हणजे मोहरीचा दाणा हळदीच्या वखारीतल्या काट्यावर ठेवायचा.

मोठ्या आकड्यांनाही खोड्या असतातच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा जो वार्षिक अहवाल येतो, त्यात शहरांचे वेगळे तक्ते असतात ते वीस लाखांवरच्या महानगरांचे. पुणे त्यात आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती, त्यामुळं आपण त्यात नाही. म्हणजे "पुणे बरं की सांगली" हा वाद त्या अहवालातून सुटायचा नाही. तुमच्या यजमानांना एवढं मात्र विचारा, कोयता नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या ते कुठल्या शहराच्या वाचतात? (दीर पुण्यात आहेत ही पुण्याला जायची खरी ओढ असेल तर तसं सरळ बोला. ते कारण चांगलं आहे. चोरांच्या आडून कशाला?) शिवाय एकाच फिर्यादीत चार गुन्हे असले तर त्या अहवालात सगळ्यांत गंभीर तेवढा एक मोजतात. आणि गुन्ह्यांत झालेली वाढ वेगळी व गुन्हे नोंदवण्यात झालेली वाढ वेगळी, हा इशारा तो अहवाल स्वतःच देतो. एसटी स्टँड, बाजारपेठ ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथले आकडे फुगलेले दिसतात, कारण खिसा कापला जातो तासगावच्या माणसाचा आणि भागाकार होतो तिथं राहणाऱ्यांच्या संख्येनं.

मग मन कशानं घाबरतं? 2023 च्या जूनमध्ये मिरज रोडवर भरदिवसा सराफी दुकानावर दरोडा पडला, आलेले लोक आपण पोलीस आहोत असं सांगून आत शिरले होते. 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या अमली पदार्थांच्या प्रकरणाचा माग काढत पुणे पोलीस कुपवाडपर्यंत आले आणि मेफेड्रोन हा अमली पदार्थ जप्त करून गेले. या गोष्टी खऱ्या आहेत, गंभीर आहेत, आणि त्यांच्याबद्दल नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांना जाब विचारायला हवा. पण त्या बातम्या वाचून तुम्ही लेकीची शिकवणी बंद केलीत, आणि जे दार फोडलं जातं ते आहे तसंच ठेवलंत.

आता काकू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत टोचलेली गोष्ट ही. तीन तोळ्यांचं गंठण, आणि 2025 पासून तोळा लाखाच्या वर गेलाय. तीन लाखांहून जास्तीचा ऐवज गेला आणि कागदावर काही नाही. म्हणजे पोलिसांच्या लेखी त्या दिवशी तुमच्या रस्त्यावर काहीच घडलं नाही. तुमच्याकडं पहाटेची गस्त का येत नाही, याचं एक उत्तर काकूंच्या घरात बसलंय. गस्तीच्या वाटा ठरवताना ठाण्यात नोंदी बघतात. व्हॉट्सॲपवरचे मेसेज तिथं पोचत नाहीत.

काकूंचा तिटकारा मला समजतो. माझी स्वतःची स्कूटी एका ठाण्याच्या हद्दीतून गेली, मी वकील, काळा कोट घालून गेले, तरी समोरचा म्हणाला, "मॅडम, गहाळ झाली म्हणून लिहू या का? तुम्हालाच सोपं पडेल." मी म्हटलं, स्कूटी काय रुमाल आहे गहाळ व्हायला? दोन तास बसले तेव्हा चोरी लिहिली गेली. हा अनुभव पुष्कळांचा आहे. गहाळ लिहिलं की तपास नको, आकडा वाढत नाही, सगळे खूष. म्हणून काकूंना एकटं पाठवू नका. तुम्ही जा बरोबर, आणि आधी एवढं माहीत करून घ्या.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले. जुन्या दंड संहितेत असं ओरबाडून नेणं चोरीत किंवा जबरी चोरीत बसवायला लागायचं. भारतीय न्याय संहितेत त्याला स्वतःचं कलम मिळालं, 304, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. इजा झाली असेल, मानेला ओरखडा, पडून लागलेलं, तर तेही फिर्यादीत सांगायचं, मग कलम वाढू शकतं. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर दिली तर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यानं, तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं 14 दिवसांत प्राथमिक चौकशीची सवलत दिली आहे, तेवढंच. "चौकशी चालू आहे" हे उत्तर पंधराव्या दिवशी चालत नाही. दीड महिन्याचा उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. उशीर का झाला ते मात्र फिर्यादीतच खरं-खरं लिहायचं, "घाबरले होते, सुनेचं बाळंतपण होतं," जे काय असेल ते. न लिहिलेला उशीर पुढं आरोपीचा वकील वापरतो. मी वापरलाय.

तुमची कॉलनी तीन ठाण्यांच्या हद्दी जिथं भेटतात तिथं आहे, विश्रामबाग, संजयनगर आणि कुपवाड. "ही आमची हद्द नव्हे" हे ऐकायला मिळणार. ऐकून घ्या आणि शून्य क्रमांकानं नोंदवा म्हणा, ते कायद्यात आहे, कागद नंतर योग्य ठाण्यात जातो. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि नोंदवलीच नाही तर पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज.

एक काम यजमानांना सांगा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख टाकली की दाखल झालेल्या फिर्यादी वाचायला मिळतात. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं 24 तासांत त्या संकेतस्थळावर टाकायला सांगितल्या, लैंगिक अत्याचारासारखी नाजूक प्रकरणं सोडून. रविवारी तास-दोन तास बसून तिन्ही ठाण्यांच्या गेल्या सहा महिन्यांच्या घरफोड्या वाचून एका वहीत उतरवा. किती बंद घरं, किती वाजता, काय तोडलं. घर विकायचा निर्णय या वहीवरून घेतलात तर मी त्याला निर्णय म्हणेन.

त्या वहीत तुम्हाला "कडी-कोयंडा उचकटून" हे शब्द इतक्यांदा भेटतील की कंटाळा येईल. लोक कुलपावर हजार रुपये घालतात. सात लिव्हरचं, पितळी, हातात न मावणारं. आणि ते लोंबतं कशाला? तर चौकटीत अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनी अडकवलेल्या पन्नास रुपयांच्या कोयंड्याला. चोर कुलपाला हातही लावत नाही. कटावणी घातली, कोयंडा हातात. तेव्हा सुताराला बोलवा, कोयंडा आरपार बोल्टनं बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. जमलं तर दारातच बसणारं लॅच लावा, म्हणजे बाहेरून कुलूप दिसतच नाही. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे "मालक गावाला गेलेत" अशी पाटी. पाटी नुसती दारावरच असते असं नाही. दुधाची पिशवी, अंगणात पडलेला तीन दिवसांचा पेपर, आणि मुलाच्या मोबाइलवरचं "ऑन द वे टू गोवा." शेजाऱ्याला किल्ली द्यायला आपल्याला संकोच वाटतो, गोव्याचा फोटो टाकायला वाटत नाही!

कॅमेऱ्याबद्दल ग्रुपवर वर्गणी चालू झालीच असेल. लावा, पण लावणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. रात्री हेडलाइटच्या उजेडात नंबरप्लेट वाचता येते का, ते प्रत्यक्ष गाडी आणून दाखव म्हणा. रेकॉर्डिंगची पेटी कुठं ठेवणार? टीव्हीखाली ठेवली तर चोर जाताना तीही घेऊन जातात. आणि घड्याळ बरोबर आहे का? माझ्या एका खटल्यात कॅमेऱ्याची वेळ पाच तास मागं होती. आमच्या अशिलाला त्याचा फायदा झाला, एवढंच सांगते. चित्रीकरण पुराव्यात द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं पेन ड्राइव्ह नेऊन दिला की काम झालं असं नाही.

सोन्याचं सांगते. आपल्याच जिल्ह्यातली विटा-आटपाडीकडची माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत, कुणी ओळखीचं असेल तर विचारा: सोनं एकदा आटवलं की त्याला ना गाव ना नाव. म्हणून दागिना परत मिळायचा तर त्याची ओळख आपल्याकडं आधी असावी लागते. फोटो, पावती, वजन, आणि 2023 च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावरचा सहा अक्षरांचा क्रमांक. बाकीचं लॉकरमध्ये. तिथंही बारीक अक्षर वाचा: चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक, यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट, पण पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 57 फूट पाणी पाहिलेल्या माणसांनी लॉकर कुठल्या शाखेत घ्यायचा हे मी सांगायला नको. गावभागातलं जुनं खातं अजून तसंच असेल तर विचार करा.

मला खरी चिंता वाटते ती तुमच्या रस्त्यांची. गुंठेवारीत वाढलेल्या वस्त्यांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आधी गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकली गेली, घरं झाली, 2001 च्या कायद्यानं ती नियमित करायची वाट काढली, आणि रस्ते, गटार, दिवे मागनं लंगडत आले. गल्लीला नाव नाही, घराला क्रमांक नाही. पत्ता काय, तर "दत्त मंदिराच्या मागं, पिवळी बिल्डिंग, पाण्याच्या टाकीकडनं तिसरं." रात्री तीनला 112 ला फोन लावून हा पत्ता सांगून बघा! गाडी येते, पण कॉलनीत शिरून दोन चकरा मारते आणि तोवर गडी पसार. तुमच्या कॉलनीनं तो अर्ज लिहिण्यात जेवढी शाई घातली तेवढ्यात गल्ली क्रमांकाचे बारा बोर्ड रंगवून झाले असते. प्रत्येक खांबाचा क्रमांक लिहून कुठला दिवा बंद आहे त्याची यादी महापालिकेच्या विद्युत विभागाला द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी तीच यादी परत द्या. काकूंचं गंठण जिथं गेलं तिथं खांब आहे का, आणि त्यावर दिवा लागतो का, ते पत्रात नाही. पैज लावायला मी तयार आहे.

मोकळ्या प्लॉटवर वेडी बाभूळ माजलेली असते, तिच्या मालकाला महापालिका नोटीस काढू शकते. बहुतेक मालक पुण्या-मुंबईत असतो आणि भाव वाढायची वाट बघतो. त्याच्याविरुद्ध कॉलनीनं अर्ज केलाय का? नाही. अर्ज झाला तो पालांविरुद्ध.

पारध्यांविषयी मी जरा कडक बोलेन, रागावू नका. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. आपल्या बोलण्यातून तो अजून जायचाय. कोर्टात मी हे कितीदा पाहिलं: चोरी झाली की पहिली गाडी पालावर. चार पोरं उचलायची, दोन दिवसांनी कळायचं की चोर भलताच होता, आणि ती चार पोरं शाळेतून कायमची सुटलेली असायची. अफवा किती लवकर हातात काठी देते ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. 2022 च्या सप्टेंबरमध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना पोरं पळवणारे समजून लोकांनी मारलं. त्याआधी 2018 च्या 1 जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात तर नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीवच घेतला. तिथली मारणारी माणसंही स्वतःला सज्जन, घाबरलेले गावकरीच समजत होती.

कॉलनीतली तरुण मंडळी रात्री काठ्या घेऊन फिरायचं म्हणत असतील तर त्यांना त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 वाचून दाखवा. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. खांबाला बांधून चोपायची तरतूद त्यात नाही. चोपलं तर दुसऱ्या दिवशी चोर फिर्यादी होतो आणि तुमचा शेजारी आरोपी. अशा शेजाऱ्यांचेही जामीन मी मागितलेत.

भाडेकरूंचं तुमच्या हातात एक काम आहे, ते केलंय का बघा. त्यांची माहिती पोलिसांना दिली आहे का? नसेल तर याच आठवड्यात द्या, पोर्टलवरूनही देता येते. पाचही जणांची कागदपत्रं, गावचा पत्ता, ठेकेदाराचा फोन, अकरा महिन्यांचा करार. हे त्यांच्यावर संशय म्हणून करायचं नाही. सहीवाले परत आले की कागद पुढं ठेवायचा आणि म्हणायचं, "माझ्या भाडेकरूंची नोंद पोलिसांत आहे. तुमच्याकडच्या भाडेकरूंची आहे का?" गप्प होतील. कॉलनीत नोंद न केलेले मराठी भाडेकरू डझनभर तरी निघतील.

आणि शिफ्टची पोरं रात्री साडेबाराला, पहाटे साडेपाचला ये-जा करतात ना? कॉलनी झोपलेली असताना जागी असणारी तेवढीच माणसं आहेत. त्यांना कुणी कधी विचारलंय, त्या दोन रात्री काही दिसलं होतं का? चहाला बोलवा आणि विचारा. माझा अंदाज चुकेलही, पण वकिलीत मला साक्षीदार नेहमी असेच मिळाले, ज्यांना कुणी विचारलेलंच नसायचं.

लेकीची शिकवणी सुरू करा. नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो, नातलग, शेजारी, मित्र. हे सांगून तुमची झोप उडवायची नाही मला. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या भीतीनं तिला घरात कोंडायचं आणि ओळखीतल्या माणसाबद्दल मात्र तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. ते बोलणं अवघड आहे, एका बैठकीत होत नाही. पोळ्या लाटताना, गाडीवर मागं बसली असताना, थोडं थोडं बोला. तिला शिकवणीला पाठवताना दोन-तीन मैत्रिणी मिळून जातील असं बघा, उजेडाचा रस्ता लांबचा असला तरी तोच धरायला सांगा, आणि 1098 व 112 हे दोन नंबर पाठ करून घ्या.

आण्णांना पहाटे पाचऐवजी उजाडल्यावर, दोघा-तिघांबरोबर जाऊ द्या. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं, म्हणजे गाड्या समोरून येतात, पाठीमागून कुणी खेटत नाही. काकूंनाही हेच, आणि गंठण घरी ठेवून. त्या नको म्हणतील, "गळा मोकळा कसा ठेवू?" काळी पोत घाला म्हणावं. आण्णांना आणखी एक गोष्ट बजावून सांगा. कुणी साध्या वेशातला, डोळ्यांपुढून ओळखपत्र फिरवून "आजोबा, पुढं खून झालाय, तपासणी चालू आहे, अंगठी-चेन काढून रुमालात बांधा," असं म्हणाला तर तो पोलीस नाही. खरा पोलीस कुणाला रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. या बतावणीला शिकलेली, पेन्शनर माणसं जास्त फसतात, कारण ती वर्दीचा मान राखतात. आण्णांनी सरळ "चला, ठाण्यात जाऊन काढतो" म्हणायचं आणि चालायला लागायचं.

काकूंना घेऊन ठाण्यात जाल तेव्हा गंठणाची पावती शोधून न्या. सापडली नाही तर लग्नातला, बारशातला, कुठलाही एक फोटो न्या ज्यात ते गंठण गळ्यात स्पष्ट दिसतंय. सकाळी लवकर जा, सण-मिरवणुकीचा दिवस टाळा, सगळे बंदोबस्ताला असतात. आणि दोघीही पोटभर पोहे खाऊन निघा, वेळ लागतो. फिर्यादीचा नंबर मिळाला की मला कळवा.